समोर माणूस बसवा

माझ्या मावशीला तुम्ही बघितलंय. पैज लावते. नाव सांगून उपयोग नाही, ते कुणाला माहीतच नसतं. पण हिरोची आई, हिरोइनची आत्या, विष कालवणारी मोलकरीण, चष्म्यावरून बघणारी जज, दवाखान्यात "भेटायची वेळ संपली" एवढंच म्हणून निघून जाणारी नर्स, या सगळ्या माझी मावशीच. तुम्ही म्हणाल, "अरे ती होय! ती नाही का, ती..." आणि कपाळावर बोट आपटत बसाल.

रस्त्यात लोक तिला अडवून विचारतात, "तुम्ही आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये राहायचात ना?" मावशी म्हणते, "राहायचे की." मग त्यांच्या आईचे गुडघे कसे आहेत विचारते, धाकट्याला नोकरी लागली का विचारते, आणि माणूस खूश होऊन जातो. मी चिडते. म्हणते, "अगं सांग ना तू कोण आहेस ते!" तर मला म्हणते, "त्याला शेजारीण सापडली भिंगरे, तू कशाला हिसकावतेस?"

भिंगरी म्हणजे मी. एका जागी बसवत नाही म्हणून. नववीत शाळा सुटली ती त्यामुळेच. आता मावशीची गाडी चालवते. आणि हे लिहितेय ते पेपरवाल्यामुळे. त्याने छापलं, की एका जुन्या नटीने नखरे करून भरला सेट अडवून धरला. वर शेवटी टोचलंय, वय झालं की माणसं हट्टी होतात. ती नटी माझी मावशी. मी तिथे होते, पेपरवाला नव्हता. माझं लिखाण त्याच्याइतकं गुळगुळीत नसेल, नसू दे.

तर आधी ती कोण, ते ऐका.

नाटकात यायच्या आधी मावशी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. डोक्याला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, एका भोकातली पिन काढायची न् दुसऱ्यात घालायची. लोकांचं बोलणं ऐकायला बंदी होती, पण लाइन नीट लागली का हे बघायला थोडं ऐकावंच लागायचं. त्या थोड्यातच ती सगळं शिकली. माणूस खोटं बोलणार असला की आधी श्वास घेतो. भांडण मिटलेलं असलं की दोघं एकदम बोलतात. ती घरी येऊन माझ्या आईला सगळ्यांच्या नकला करून दाखवायची. आई तिची धाकटी बहीण, हसून हसून पलंगावरून पडायची.

ऑफिसच्या नाटकात एका सत्तर वर्षांच्या म्हातारीचं काम होतं. केसांना पांढरा रंग लावायला एकही मुलगी तयार होईना. मावशी म्हणाली, "रंगच आहे ना, धुतला की जातो." ती तेव्हा बावीसची. प्रयोगाला एका नाटक कंपनीचा मालक आलेला. तो नाटक संपल्यावर आत आला आणि मावशीलाच विचारायला लागला, "त्या म्हाताऱ्या बाई कुठे गेल्या?" तिने म्हातारीच्या आवाजात सांगितलं, "गेल्या घरी, दम लागला होता." दुसऱ्या दिवशी तिला कंपनीत घेतलं.

तेव्हापासून ती कधी तरुण झालीच नाही. हे मी चेष्टेने नाही म्हणत. ती पंचविशीत तिच्याहून मोठ्या माणसांची आई झाली. तिशीत आजी. मधल्या काळात एक दाई, एक वकीलबाई, एक मुकी, एक राणी, दोन खुनी, आणि एकदा जजचं काम करणारा नट पळून गेला तेव्हा मिशी लावून जजसुद्धा. तिची पद्धत एकच. संवाद सगळे पाठ करतात. ही बघायची, हा माणूस ऐकतो कसा. म्हणायची, "प्रत्येकाचं ऐकणं वेगळं असतं गं. जज हनुवटीने ऐकतो. मोलकरीण पाठीने ऐकते, तिला वळून बघायला कुठे परवानगी आहे? एकदा त्याचं ऐकणं सापडलं, की बोलणं आपोआप येतं."

काका, म्हणजे मावशीचा नवरा, तिथलेच लाइटवाले. एका नाटकात तिला पाच कामं होती. दाई म्हणून आत जायचं आणि वकीलबाई होऊन बाहेर यायचं, मधे फक्त अंधार. तो अंधार काकांच्या हातात. विंगेतून तिचा हात वर दिसेपर्यंत ते लाइट चढवायचेच नाहीत. एकदा कोटाची बटणं अडकली. लोक अंधारात बसून खोकायला लागले. मालक खालून ओरडतोय, "लाइट! अरे लाइट!" काका शांतपणे म्हणाले, "फ्यूज उडालाय." कसला फ्यूज न् कसलं काय. शेवटी हात वर झाला, लाइट आले, आणि वकीलबाई कोर्टात उभी राहिली ती दाईचा एप्रन बांधूनच. लोक फिस्सकन हसले. मावशीने एप्रनच्या टोकाने चष्मा पुसला, सावकाश, आणि म्हणाली, "न्यायाधीश महाराज, स्वयंपाक टाकून आलेय, त्यामुळे थोडक्यात बोलते." लोकांनी टाळ्यांनी थिएटर डोक्यावर घेतलं. पुढे प्रत्येक प्रयोगात तो एप्रन ठेवला.

काका आता नाहीत. ते गेल्यावर मावशीने नाटकं कमी केली, सिनेमा वाढवला. आणि इथूनच माझी खरी गोष्ट सुरू होते, कारण सिनेमात समोर माणूस नसतो.

हे तुम्हाला माहीत नसेल, मलाही नव्हतं. पडद्यावर दोन माणसं बोलताना दिसतात. तुम्हाला वाटतं एकमेकांशी बोलतायत. आधी दोघांना एकत्र दाखवून थोडंसं घेतात, ते ठीक. मग एकेकाचा चेहरा जवळून घेतात, तो क्लोजअप. पहिला क्लोजअप मोठ्या माणसाचा. त्या वेळी लहान माणसाने कॅमेऱ्याच्या शेजारी दाटीवाटीने बसायचं आणि आपली वाक्यं म्हणायची, म्हणजे मोठ्याला बघायला चेहरा मिळतो. मग पाळी लहान माणसाची. तोपर्यंत मोठा माणूस गेलेला असतो. त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर एक स्टँड उभा करतात, त्याला चिकटपट्टीची, म्हणजे टेपची, फुली मारतात, आणि म्हणतात, "मॅडम, हा तुमचा मुलगा. रडा."

पहिल्या सिनेमात तर मावशीला फुली कुठल्या बाजूला तेच कळलं नव्हतं. स्टँड दोन होते, ही भलत्याच स्टँडशी बोलली. शॉट घेणाऱ्यालाही घाई होती, तसंच गेलं. घरचे सगळे सिनेमाला गेले. पडद्यावर मुलगा डावीकडे बसलाय आणि मावशी उजवीकडे बघून गहिवरतेय. आईने काळोखातच विचारलं, "ताई, तुझा मुलगा इकडे, तू कपाटाशी काय बोलतेस?" सगळी रांग हसली. मावशीही हसली. पण घरी येऊन ती कितीतरी वेळ भिंतीकडे बघत बसली होती, असं आई सांगते.

नंतर ती तरबेज झाली. फुलीसमोर रडली, दिव्यासमोर हसली, एकदा उलट्या बादलीला तिने आशीर्वाद दिलाय. कुरकुर नाही केली. तीसेक वर्षं.

मग तो सिनेमा आला. दिग्दर्शक पोरगेलासा, तिच्या घरी येऊन स्वतः सीन वाचून दाखवला त्याने. मुलगा आईला न सांगता घर विकतो. दोन वर्षांनी तोंड दाखवायला येतो. आई त्याला बसवते, वाढते, आणि सांगते, मी तुला माफ करणार नाही. बस. शेवटपर्यंत करत नाही.

मावशीने कागद हातातून काढून घेतला आणि दोनदा वाचला. "शेवटी मरताना वगैरे करते का माफ?"

"नाही मॅडम."

"पुढे बदलाल?"

"नाही हो."

"बघा हां. आयुष्यभर माफ करून करून माझं तोंड दुखलंय. या हिरो लोकांनी काय काय केलं, दारू प्यायले, खून केले, बायका सोडल्या, सगळ्यांच्या मी डोक्यावरून हात फिरवला. आता एक तरी नाही म्हणू दे."

पुढचे कित्येक आठवडे घरात तेच. भांडी घासताना 'नाही', गाडीत बसताना 'नाही'. सिग्नलला थांबलो की ती मागच्या सीटवरून पुटपुटायची आणि बाजूचा स्कूटरवाला दचकून बघायचा.

शूटिंगचा दिवस. सेट म्हणजे लहानसं स्वयंपाकघर. एक टेबल, दोन खुर्च्या, ओट्यावर खरकटी पातेली, खिडकीबाहेर खोटं ऊन. हिरोचा क्लोजअप पहिला. मावशी कॅमेऱ्याच्या पायाला गुडघे टेकवून, अंग चोरून बसली. आणि त्याच्यासाठी तिने सगळं ओतलं. हात राखून नाही. कॅमेरा तिच्यावर नव्हता, तरी तिचा आवाज फाटला. हिरोचा चेहरा असा काही पडला की कॅमेरामन म्हणाला, "वा!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हिरोसाठी.

मग हिरो उठून गेला. त्याला जाहिरातीच्या शूटिंगला पोचायचं होतं म्हणे. लाइट फिरवले. स्टँड आला. फुली मारली. एक असिस्टंट मुलगी हिरोची वाक्यं वाचायला कागद घेऊन उभी राहिली.

"मॅडम, रेडी?"

"नाही."

"पाणी देऊ?"

"पाणी नको. समोर माणूस बसवा."

सगळ्यांना वाटलं गंमत करतेय. दिग्दर्शक हसत हसत स्वतःच खुर्चीत बसायला गेला. मावशी म्हणाली, "तू इथे बसलास तर तिकडे शॉट बघणार कोण? ऊठ." मग असिस्टंट मुलीला पुढे केलं. मावशीने तिचा हात धरला. "ही पोर गुणी आहे. पण हिने माझं काय वाकडं केलंय? हिला कशाला 'माफ करणार नाही' म्हणू? ज्याला सांगायचं तो हवा."

प्रॉडक्शनवाला आला. पोट पुढे, फोन कानाला. "काय चाललंय? बाई, इतकी वर्षं टेपसमोर करताय, आज काय टेपला काटे आले?"

"टेपला नाही. मला आले."

"ते नाहीयेत. गेले. हवेतून आणू?"

"कुठूनही आणा. मी बसलेय."

"सीन कापावा लागेल."

"कापा. पण लोकांनी विचारलं तर सांगा का कापला ते."

आमच्यातला एक जण तिथेच होता, त्याला सगळे हवालदार म्हणतात. जन्मभर सिनेमात पोलिसाचं काम केलंय, चौकातले खरे पोलिसही त्याला सलाम ठोकतात. तो मावशीचा जुना स्नेही, नाटकापासूनचा. तिच्या कानाशी येऊन म्हणाला, "बाई, करून टाका ना. टेप गरीब असते. उलट बोलत नाही."

"म्हणूनच नको," मावशी म्हणाली.

"आपल्यासारख्यांनी हट्ट करायचा नसतो हो. उद्या फोन बंद होतील."

"तुम्ही इतक्या वर्षांत किती चोर पकडलेत?"

"काय माहीत. खूप."

"त्यातला एक तरी समोर होता?"

तो मान खाजवत चहाकडे गेला.

खरा ताप लाइटवाल्यांना झाला. ती माणसं शिडीवर चढून बसलेली, घरी जायची वाट बघत. त्यातला एक वरूनच बोलला, मुद्दाम ऐकू जाईल असं, "एकाच्या नादात सगळ्यांचा खोळंबा." हे मावशीला लागलं. बाकी कुणाचं नाही, हे लागलं. ती काकांची बायको. तिने वर बघितलं. "चुकतंय माझं, दादा. तुमचा उशीर होतोय. पण मी उठणार नाही." आणि ती उठली नाही.

मला हे बघवेना, मी बाहेर आले. बाहेर ड्रायव्हर लोक बसतात ती शेड आहे. लक्षात ठेवा, सेटवर काय चाललंय ते दिग्दर्शकाला नंतर कळतं, ड्रायव्हरांना आधी. हिरोचा ड्रायव्हर बिस्कीट खात निवांत बसलेला.

"तू इथे कसा? तुझे साहेब गेले ना?"

"कुठे गेले? मेकअपच्या व्हॅनमध्ये आहेत. मोबाइलवर गेम खेळतायत. मला म्हणाले, आतली बाई गेली की निघू."

मी धावत आत. मावशीच्या कानात सांगितलं. ती ताडकन उठली. प्रॉडक्शनवाल्याला वाटलं जिंकलो, तो ओरडला, "चला, चला, पोझिशन!" पण ती त्याच्या बाजूने सरळ निघून गेली. अंगावर आईची विटकी साडी, पायात झिजलेल्या चपला, तशीच भर आवारातून चालत व्हॅनपाशी. मी मागे. तिने दार वाजवलं.

हिरोच्या मेकअपवाल्याने दार अर्धवट उघडलं. "साहेब नाहीयेत."

"साहेब नाहीत तर त्यांचे बूट घालून सोफ्यावर कोण लोळतंय?"

आतून हसू आल्यासारखा आवाज आला. मग हिरो म्हणाला, "येऊ दे त्यांना. तू जा." मी पायरीवरच उभी राहिले. मला कुणी जा म्हटलं नव्हतं.

हिरो उठून बसला. जवळून बघितलं तर काही विशेष नाही, माझ्या चुलत भावासारखा दिसतो, थोडी झोप कमी. म्हणाला, "बाई, उद्या करू ना."

"उद्यापर्यंत हा राग काय फ्रिजमध्ये ठेवू?"

"अहो, कुणी थांबत नाही. कुणीच नाही थांबत. मलाच का?"

"कारण आज माझी पाळी आहे आणि माझ्यासमोर तू आहेस. सकाळी मी तुझ्यासाठी बसले होते का नाही?"

त्याने मोबाइल उलटा केला, सुलटा केला. मग एकदम, खाली बघून म्हणाला, "माझी वाक्यं पाठ नसतात."

"माहीत आहे."

"कानात यंत्र असतं. तिकडून एक जण वाचतो, मी म्हणतो. कॅमेरा दुसऱ्या बाजूला असला की ते दिसत नाही. कॅमेऱ्याशेजारी बसलो तर सगळ्यांना दिसेल."

"अरे राजा," मावशी म्हणाली, "सगळ्यांना माहीत आहे. चहा देणाऱ्याला माहीत आहे. ही माझी भाची बाहेर गाडी धुते, हिलाही माहीत आहे."

मला माहीत नव्हतं. पण मी मान हलवली.

त्याचे कान लाल झाले. मला वाटलं आता हाकलतो दोघींना. मावशी तशीच उभी. "तुला बोलायचंच नाही. तुझी वाक्यं मी माझ्या मनात म्हणेन, मला येतात. तू नुसतं बसायचं आणि ऐकायचं."

"नुसतं?"

"बस, मग कळेल नुसतं का काय ते." आणि ती वळली. "मी हात जोडायला आले नव्हते. दार वाजवायला आले होते. आलास तर सीन होईल, नाही आलास तर नाही. मी खुर्चीत आहे."

आम्ही परत आलो. ती बसली. दिग्दर्शक नखं खात होता. प्रॉडक्शनवाला फोनवर कुणाला तरी विचारत होता, दुसरी कोणी म्हातारी मोकळी आहे का. शिडीवरचे लोक खाली उतरायला लागले. हवालदार माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "समजाव गं तिला, तू तरी." मी म्हटलं, "मी कशाला समजावू? मी तिच्या बाजूची आहे."

आणि हिरो आला. स्वतःचाच घरचा शर्ट, चेहरा धुतलेला, सरळ येऊन स्टँड बाजूला सरकवला आणि कॅमेऱ्याला खेटून खुर्ची ओढून बसला. लाइटवाले परत शिड्या चढले.

शॉट सुरू झाला. तो आधी तिच्या खांद्यापलीकडे बघत होता. मावशी थांबली. "इकडे," म्हणाली. पुन्हा सुरू. आता त्याने बघितलं.

"घर विकलंस ते मला शेजारणीने सांगितलं," मावशी म्हणाली. आवाज अगदी खालचा, सकाळी फाटला होता तसा नाही. "मी तिला म्हटलं, तुम्ही चुकताय, माझा मुलगा असं करणार नाही. मी तिच्याशी भांडले तुझ्यासाठी. मग माणसं आली आणि माझी शिलाई मशीन उचलून घेऊन गेली. तुला विचारलं तर म्हणालास, कुठली मशीन? त्या मशीनवर तुझ्या शाळेचे शर्ट शिवलेत मी. बस, जेव. भात संपला तर अजून घे. ताप आला तर ये, उशाशी बसेन. पण माफ करणार नाही. वाढणं वेगळं आणि माफ करणं वेगळं."

मी हे गाडीत शंभरदा ऐकलं होतं. पण असं नाही. कारण ती बोलत होती आणि समोर एक माणूस ते घेत होता. तो गिळत होता, तर ती थांबत होती. त्याने खाली बघितलं, तर तिने वाक्य अर्धवट तोडलं आणि तो परत वर बघेपर्यंत पुढे गेलीच नाही. टेप कधी खाली बघते का?

आणि शेवटच्या वाक्यानंतर हिरोच्या तोंडून निघालं, "सॉरी."

हे सीनमध्ये नव्हतं. त्याच्या कानात यंत्रही नव्हतं. कुणाला सॉरी म्हणाला, घरासाठी म्हणाला का व्हॅनसाठी, मला नाही माहीत. त्यालाही माहीत नसावं. दिग्दर्शकाचा हात वर गेला आणि तसाच हवेत राहिला.

मावशीने पापणी लवू दिली नाही. त्याच्याकडे बघत म्हणाली, "नाही."

मग पातेल्यातला डाव उचलला आणि त्याच्या नसलेल्या ताटात भात वाढला.

कट. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. शिडीवरचा तो माणूस खाली उतरला, मावशीसाठी चहा घेऊन आला आणि कप ठेवून वायर गुंडाळायला लागला.

आता पुढचं ऐका, कारण पेपरवाल्याने सेट अडवला तेवढंच लिहिलंय. त्या कंपनीने तिला परत बोलावलं नाही. प्रॉडक्शनवाल्याने दहा ठिकाणी सांगितलं की बाई डोकं फिरलेली आहे. सिनेमा आला तेव्हा तिचं बोलणं निम्मं कापलेलं, मधेमधे हिरोचा चेहरा घातलेला. हिरोने पेपरवाल्याला खरं काय ते सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. मी तर त्याच्या घरावर दगड मारायला निघाले होते. मावशीने गाडीची चावी काढून घेतली.

"त्याने तोंड उघडायला पाहिजे होतं!"

"तो बसला ना? मी तेवढंच मागितलं होतं."

"आणि कापलं ते?"

"'नाही' ठेवलंय की." एवढं म्हणून ती खुदकन हसली. "बघितलंस? काय मस्त म्हटलंय."

मस्त म्हटलंय, खरंच. डोळ्यांत डोळे घालून. जाऊन बघा.

फोन कमी झाले. जे येतात त्यांना ती काम ऐकायच्या आधीच सांगते, "माझ्या क्लोजअपला समोरचा माणूस थांबणार असेल तर बोला." निम्मे लोक "कळवतो" म्हणतात. त्यांचा फोन येत नाही. आई घरी येऊन रागावते, "ताई, या वयात लोकांशी वाकडं कशाला घेतेस?" मावशी म्हणते, "या वयातच परवडतं. त्या वयात नवरा होता, अंधार लांबवायला." आई डोळे पुसते आणि तरी बडबडतच राहते. मी मधे पडत नाही. मी गाडी पुसते. भाड्याची चार गिऱ्हाइकं मिळतात, चाललंय आमचं. कुणी विचारलं, तुझी मावशी ती हट्टी नटी ना, तर मी गाडी बाजूला घेते आणि म्हणते, "उतरा."

परवा दुपारी फोन आला. मावशी शेंगा सोलत होती, हात भरलेले, म्हणून मी स्पीकर लावला. एक असिस्टंट पोरगा, घाबराघुबरा. भलत्याच कंपनीतला.

"मॅडम, तुम्ही जरा हवालदारकाकांना समजावता का? ते तुमचं ऐकतील. चोराचं काम करणारे सर निघून गेलेत आणि काका खुर्चीत बसून राहिलेत. म्हणतात, समोर माणूस बसवा. इकडे सगळे ओरडतायत."

मावशीने शेंगा बाजूला ठेवल्या. "त्याला फोन दे."

खडखड झाली. मग हवालदाराचा आवाज, एवढासा, सिनेमात दरडावतो त्याच्या निम्मासुद्धा नाही. "बाई? काय करू हो? हे म्हणतायत, दुसरा पोलीस आणू."

"आणू देत."

"उठू का?"

"उठू नका. मी येतेय. चोर नाही आला तर मी बसते चोर होऊन, पण तुम्ही उठू नका."

आणि फोन ठेवायच्या आधीच पायात चपला सरकवत मला ओरडली, "भिंगरे, गाडी काढ."

मी आधीच जिन्यात होते.